फायरवॉल बंद करण्याआधी

औषधाच्या दुकानातल्या दुसऱ्या काउंटरवर सकाळी बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही. आतल्या खोलीतल्या मुख्य संगणकावर तेच सॉफ्टवेअर सुरळीत चालतंय, दोन्ही ठिकाणी इंटरनेट आहे, पण काउंटरवरचा संगणक आतल्यापर्यंत पोहोचत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला की पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘फायरवॉल ऑफ करून बघा.’ ऑफ केली जाते, बिल निघतं, रांग पुढे सरकते आणि फायरवॉल पुन्हा चालू करायचं कोणाच्याच डोक्यात राहत नाही.

हा सल्ला खोटा नसतो, अर्धवट असतो. फायरवॉल बंद केल्यावर काम झालं, तर अडथळा फायरवॉलमध्येच होता एवढंच कळतं. कोणता नियम आडवा आला, तो तिथे आला कसा आणि उद्या पुन्हा येणार का, हे कळायचं राहूनच जातं. ‘आपल्या आतल्या नेटवर्कमध्ये कोण येतंय?’ हा युक्तिवादही टिकणारा नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा, आपोआप पसरणारा वर्म १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे त्या आकड्याच्या दारातून, विंडोजच्या संगणकांत शिरत सुटला होता. वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल मुळातच चालू ठेवून द्यायला सुरुवात केली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा वर्म आला. त्याने ४४५ क्रमांकाचं, म्हणजे फाइल शेअरिंगचं पोर्ट वापरून एकाच कार्यालयातले शेजारशेजारचे संगणक पटापट गाठले. काउंटरवरच्या संगणकात कुणाचाही पेनड्राइव्ह लागतो, हे लक्षात घेतलं तर ‘आतलं’ नेटवर्क किती आतलं असतं ते समजेल.

तेव्हा हात लावण्याआधी पडद्यावर आलेला संदेश पूर्ण वाचा, आणि मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. ‘एरर येतेय’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. विंडोजवर बहुतेकदा त्या मजकुरात पाच आकडी क्रमांक दडलेला असतो. १००६१ असेल तर जोडणी नाकारली गेली, १००६० असेल तर वाट पाहून वेळ संपली. ब्राउझरमध्ये हेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ या शब्दांत दिसतं. दार वाजवल्यावर आतून ‘इथे ते राहत नाहीत’ असं कोणीतरी सांगणं वेगळं आणि कितीही वाजवलं तरी चाहूलही न लागणं वेगळं. नकार मिळाला म्हणजे आपला निरोप त्या संगणकापर्यंत गेला आणि तिथून उत्तरही आलं; वाट मोकळी आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम चालू नाही. अशा वेळी फायरवॉलच्या मागे लागण्यात सहसा अर्थ नसतो. काहीच उत्तर आलं नाही तर मात्र फायरवॉलवर संशय घ्यावा, कारण नको असलेला निरोप गुपचूप टाकून देणं हीच तिची रीत.

यात एक मेख आहे. विंडोजची फायरवॉल चालू असताना, ज्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही तिथून नकारसुद्धा बाहेर जाऊ देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला काहीच कळू नये म्हणून. त्यामुळे पलीकडे विंडोज असेल तर १००६० चा अर्थ ‘फायरवॉलने अडवलं’ असाही होतो आणि ‘मुळात सेवाच बंद आहे’ असाही. यातलं खरं काय, ते सर्व्हरवर, म्हणजे आतल्या मुख्य संगणकावर, जाऊनच बघावं लागतं. १००१३ हा तिसरा क्रमांक कधीकधी भेटतो. तो आपल्याच संगणकाने परवानगी नाकारल्याचा आहे, तेव्हा आधी त्याच संगणकावरचा अँटिव्हायरस आणि बाहेर जाण्याचे नियम तपासा.

पिंगबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात. पिंगला पोर्ट नसतं. पिंगला उत्तर आलं याचा अर्थ संगणक जागा आहे, एवढाच. त्यावरचा डेटाबेस तुम्हाला आत घेईल याची हमी त्यात नाही. उलट पिंगला उत्तर आलं नाही म्हणून संगणक बंद आहे असंही नाही, विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवते. खरी चाचणी पोर्टची. त्यासाठी पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा द्यायची, पुढे सर्व्हरचा आयपी पत्ता आणि ‘-पोर्ट’ लिहून पोर्टचा क्रमांक. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’पुढे ‘ट्रू’ आलं तर त्या पोर्टपुरती फायरवॉल निर्दोष आहे. मग पासवर्ड बघा, परवाना बघा, सॉफ्टवेअरची आवृत्ती बघा. ही आज्ञा फक्त टीसीपी तपासते, यूडीपी नाही, हे ध्यानात असू द्या; पुढे त्याचं काम पडणार आहे.

चाचणी आधी नावाने करा, मग आयपी पत्त्याने. पत्त्याने जोडलं जातंय आणि ‘सर्व्हर-पीसी’ या नावाने नाही, तर घोटाळा नाव शोधण्यात आहे. पत्त्यानेही नाही, तर तो पत्ता अजून त्याच संगणकाचा आहे का ते पाहा. वीज जाऊन आल्यावर राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि काल ज्याचा शेवटचा आकडा १० होता त्याचा आज १४ होतो. सर्व्हर म्हणून वापरायच्या संगणकाला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते फार थोड्या दुकानांत केलेलं असतं.

आता सर्व्हरवर. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट ही आज्ञा ‘-एएनओ’ जोडून द्या आणि आपल्या पोर्टचा क्रमांक ‘लिसनिंग’ या शब्दासमोर सापडतो का ते शोधा. सापडलाच नाही तर सेवा बंद आहे. ती चालू करा, फायरवॉलला शिवू नका. सापडला तर त्याच्या आधीचा पत्ता नीट वाचा. तिथे ०.०.०.० असेल तर प्रोग्राम सगळ्यांचं ऐकतोय. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःच्या संगणकावरून आलेलं ऐकतोय, आणि फायरवॉलमध्ये कितीही वाट काढली तरी काउंटरवरून तिथे पोहोचता येणार नाही. हा पत्ता प्रत्येक संगणकावर स्वतःचाच असतो. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करताना लागणारा एमसाइनर याच पत्त्यावर, १५८५ पोर्टवर, बसलेला असतो. तो सापडत नाही म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडणारे लोक आहेत. हा संवाद संगणकाच्या बाहेर पडतच नाही. एमसाइनर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून चालू आहे का आणि ब्राउझरने त्याचं प्रमाणपत्र स्वीकारलंय का, एवढंच तिथे पाहायचं.

दुकानं, दवाखाने, शाळा यांची बरीच सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. तिच्या तीन सवयी माणसाला फायरवॉलवर खोटा आळ घ्यायला लावतात. पहिली : नव्याने बसवल्यावर तिची टीसीपी-आयपी जोडणी बंदच असते. त्याच संगणकावरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मार्गाने बोलत असल्यामुळे तिथे सगळं चालतं आणि दोष नेटवर्कवर जातो. दुसरी : एक्सप्रेसचा जो नाव दिलेला इन्स्टन्स असतो, तो ठरलेल्या १४३३ पोर्टवर बसत नाही, सेवा सुरू होताना मोकळं सापडेल ते पोर्ट घेतो, आणि संगणक बंद करून चालू केल्यावर ते बदलू शकतं. काल उघडलेलं पोर्ट आज निकामी ठरतं ते असं. तिसरी : हे बदलतं पोर्ट काउंटरला कळावं म्हणून एसक्यूएल ब्राउझर नावाची वेगळी सेवा यूडीपी १४३४ वर उत्तर देत असते. ती बंद असेल किंवा फायरवॉलने यूडीपी १४३४ अडवलं असेल तर ‘एरर २६’ हा आकडा मजकुरात दिसतो. टीसीपीची चाचणी कितीही केली तरी हे पकडता येत नाही.

माझ्या मते यातला स्वच्छ मार्ग एकच. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन टीसीपी-आयपी चालू करा, ‘आयपी ऑल’खालचा बदलत्या पोर्टचा रकाना रिकामा करा, खालच्या रकान्यात १४३३ लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा. मग काउंटरवरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता, स्वल्पविराम आणि १४३३ असं लिहिलं की ब्राउझर सेवेची गरजच संपते. फायरवॉलमध्ये एकच टीसीपी पोर्ट, तेही फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडावं लागतं. सॉफ्टवेअरवाला कुरकुर करेल, करू द्या.

सेवा चालू आहे, ०.०.०.० वर ऐकतेय, तरी बाहेरून उत्तर नाही, असं ठरलं म्हणजे फायरवॉल उघडायची वेळ आली. रन खिडकीत ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ दिलं की तिचं सविस्तर रूप समोर येतं. पण नियमांच्या यादीत शिरण्याआधी नेटवर्क कोणत्या वर्गात नोंदलं गेलंय ते बघा. विंडोज प्रत्येक नेटवर्कला डोमेन, प्रायव्हेट किंवा पब्लिक यांपैकी एक मानते आणि तिन्हींचे नियम वेगळे असतात. ‘कालपर्यंत चालत होतं, काहीही बदललं नाही’ म्हणणाऱ्याला विचारावं, राउटर बदलला का? नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवं नेटवर्क, आणि नवं नेटवर्क ती बहुधा पब्लिक धरते, रेल्वे स्टेशनवरच्या फुकट वायफायइतकंच परकं. प्रायव्हेटसाठी लिहिलेले सगळे नियम तिथल्या तिथे निरुपयोगी होतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ते नेटवर्क प्रायव्हेट केलं की पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात, एकही नियम न लिहिता. बदल मात्र दुकानातल्या किंवा घरच्या नेटवर्कवरच करा. कॅफेत किंवा लॉजवर लॅपटॉप उघडल्यावर पब्लिकच बरं.

त्यानंतर इनबाउंड रूल्स. इथे विंडोजची एक जुनी खोड माहीत असायला हवी. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा बाहेरचं ऐकायला बसतो तेव्हा ‘परवानगी द्यायची का?’ अशी खिडकी येते. घाईत कोणीतरी ती ‘कॅन्सल’ करतं. आपण काहीच ठरवलं नाही, असं त्याला वाटतं, पण विंडोजने त्या प्रोग्रामच्या नावाने अडवणुकीचे नियम लिहून टाकलेले असतात, सहसा टीसीपीसाठी एक आणि यूडीपीसाठी एक. जो माणूस अॅडमिनिस्ट्रेटर नाही त्याला तर खिडकीही न दाखवता हे घडतं. पुढे कोणी जाणकार येऊन पोर्ट उघडतो आणि तरीही जोडणी होत नाही, कारण विंडोजमध्ये परवानगी आणि मनाई समोरासमोर आली तर मनाई जिंकते. नियम कोणत्या क्रमाने लिहिले याला महत्त्व नसतं. (राउटरच्या आणि लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बहुधा उलट असतं : वरून खाली वाचताना जो नियम आधी लागू पडेल तो खरा. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.) म्हणून नवा नियम लिहिण्याआधी यादीत लाल गोल चिन्हाचे नियम शोधा आणि त्यात आपल्या प्रोग्रामचं नाव आहे का पाहा. असलं तर तो नियम काढून टाका किंवा निष्क्रिय करा.

नियम लिहावाच लागला तर तो मोजूनमापून लिहा. ‘स्कोप’ या पानावर ‘लोकल सबनेट’ निवडलं की फक्त त्याच नेटवर्कमधल्यांना प्रवेश मिळतो. हीच मर्यादा एरवी कोड्यात टाकते. विंडोजचे फाइल शेअरिंगचे आयते नियम प्रायव्हेट नेटवर्कवर याच स्कोपचे असतात, त्यामुळे दुकानात बसलेल्याला फोल्डर दिसतो आणि व्हीपीएनवरून घरून काम करणाऱ्या अकाउंटंटला दिसत नाही. त्याचा पत्ता वेगळ्या मालिकेतला असतो. नियमात त्या मालिकेची भर घातली की झालं.

एवढं करूनही गूढ उकललं नाही तर तर्क लढवत बसू नका, नोंद चालू करा. फायरवॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये, त्या त्या वर्गाखाली, ‘लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स’ हा पर्याय मुळात ‘नो’ असतो. तो ‘येस’ करा, काउंटरवरून एकदाच प्रयत्न करा, घड्याळात वेळ बघून ठेवा आणि विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या लॉगफाइल्समध्ये तयार झालेली फायरवॉलची फाइल उघडा. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, कोणाकडून, कोणाकडे आणि कोणत्या पोर्टवर हे लिहिलेलं असतं. त्या वेळेला काउंटरच्या पत्त्यासमोर ‘ड्रॉप’ दिसलं तर चोर सापडला. त्या वेळची एकही ओळ नसेल तर निरोप इथवर आलाच नाही, असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. खात्री हवी असल्यास सर्व्हरवर वायरशार्क चालवा. ते फायरवॉलच्या आधी पॅकेट पाहतं, म्हणून आलेलं पण पुढे अडवलेलं पॅकेटही त्यात दिसतं.

संगणकात स्वतंत्र फायरवॉल असलेला अँटिव्हायरस असेल, तर विंडोजच्या नियमांची उजळणी करून काही हाती लागणार नाही. अशा वेळी सूत्रं त्याच्याकडे गेलेली असतात. त्याच्याच खिडकीत जाऊन अडवलेल्यांची यादी बघा.

आणि हो, फायरवॉल बंद करून बघायचीच असेल तर आधी राउटरला येणारी इंटरनेटची तार काढा, जो वर्ग लागू आहे तेवढ्यापुरतीच फायरवॉल बंद करा, एकदा चाचणी घ्या आणि लगेच चालू करा. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन तिची सेवाच थांबवणं हा वेगळा आणि वाईट प्रकार आहे. विंडोजचे इतर भागही त्या सेवेवर अवलंबून असतात आणि मायक्रोसॉफ्टही तसं करू नका म्हणूनच सांगतं.

निरोप सर्व्हरपर्यंत येतच नाही म्हटल्यावर वाटेत काय आहे ते पाहायचं. दोन्ही संगणकांचे पत्ते शेजारी शेजारी लिहा. एक १९२.१६८.०ने आणि दुसरा १९२.१६८.१ने सुरू होत असेल तर बहुधा इंटरनेटवाल्याच्या राउटरमागे तुमचा दुसरा राउटर लागलाय आणि काउंटर एकामागे, सर्व्हर दुसऱ्यामागे आहे. दुसऱ्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवलं की दोघं एका नेटवर्कमध्ये येतात. काउंटरचा लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर दोष कोणाचाच नाही, गेस्टवरच्यांना आतलं दिसू नये म्हणूनच ती सोय असते.

बाहेरून दुकानात शिरण्याची गोष्ट निराळी. घरी बसून सीसीटीव्ही बघायचाय, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, तरी दिसत नाही. अशा वेळी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतेय. ही मालिका २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवली गेली. तुमच्या राउटरमध्ये काहीही उघडलं तरी बाहेरचा माणूस कंपनीच्याच दारात अडणार. स्थिर सार्वजनिक पत्ता वेगळे पैसे देऊन मागता येतो, किंवा आतून बाहेर जोडणी करणारं व्हीपीएन वापरता येतं. मी दुसरा पर्याय सुचवेन. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ आणि डेटाबेसचं १४३३ ही पोर्टं इंटरनेटवर थेट उघडू नका, कोणी कितीही ‘तात्पुरतं’ म्हणालं तरी.

जोडणी होते पण मध्येच लटकते, हा प्रकार सगळ्यात फसवा. व्हीपीएनवरून लॉगिन होतं, छोटी यादी येते, मोठा अहवाल मागितला की पडदा गोठतो. लहान पॅकेटं जातात आणि मोठी अडतात. पीपीपीओई पद्धतीच्या ब्रॉडबँडवर पॅकेटची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ असते, व्हीपीएनमध्ये आणखी कमी. ‘एवढं मोठं पाठवू नका’ हा निरोप, पिंगसारखाच, आयसीएमपीने परत येतो, आणि एखाद्या फायरवॉलवर ‘पिंग बंद’ करण्याच्या उत्साहात सगळं आयसीएमपीच अडवलेलं असेल, तर तो निरोप वाटेतच गिळला जातो. पिंगला ‘-एफ’ जोडून ‘-एल’पुढे १४७२ देऊन पाहा, मग आकडा उतरवत जा. जिथे उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवले की खरी मर्यादा कळते. तीच राउटरच्या किंवा व्हीपीएनच्या एमटीयू सेटिंगमध्ये लिहा. जेवायच्या सुट्टीनंतरच जोडणी तुटलेली सापडत असेल तर मात्र आकाराचा संबंध नाही. बराच वेळ गप्प राहिलेली जोडणी राउटर आपल्या यादीतून काढून टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘कीप अलाइव्ह’ असेल तर ते काही मिनिटांवर आणा.

इंजिनिअरला किंवा इंटरनेट कंपनीला फोन करायची पाळी आली तर कागदावर हे लिहून ठेवा : कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याला, टीसीपी की यूडीपी, पोर्ट कोणतं, नेमकी वेळ, संदेशातला आकडा, आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेल्यावर काय झालं. ही शेवटची चाचणी बाहेरच्या सेवेशी बोलतानाच कामाची, पण तिने दुकानाचं नेटवर्क आणि पलीकडची सेवा यांतला दोषी कोण ते लगेच कळतं. काम झाल्यावर तपासणीसाठी लिहिलेले सैल नियम शोधून काढून टाका. नवीन नियमाच्या वर्णनात तारीख आणि कारण लिहिलेलं असेल तर ते शोधायला सोपे जातात, ‘टेस्ट’, ‘टेस्ट १’, ‘न्यू टेस्ट’ अशी नावं दिलेली असतील तर नाही.